लॉट अकराच्या दोन रेघा

३ फेब्रु., मंगळ.
कपाशीच्या चोवीस बियांचा डीएनए तपासायले एकाच जेलवर. डावीकडे लॉट ७ च्या बारा, उजवीकडे लॉट ११ च्या बारा, मापाचा मार्कर मधल्या खान्यात. सातचं सगळं पास. अकराच्या पाच बियांमधे एकच रेघ. गेला लॉट. फोटो काढायच्या आधी जेल ट्रेवरून घसरला, तव्यावरची पोळी पलटावी तसा पलटला, पण फाटला नाही. वाचली. चारच्या आत रिपोर्ट दिला, सर खूश.

५ फेब्रु., गुरु.
लॉट ११ ज्यांच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटचा, त्या मंदाबाई आल्या. राळेगावची एसटी, मग लोहाऱ्यापर्यंत ऑटो. सर पुसदला, म्हणून हे माझ्या गळ्यात. फोटो दाखवला. सांगतलं की आईच्या झाडाच्या अन् बापाच्या झाडाच्या डीएनएत एक तुकडा लहानमोठा असतो. लहान तुकडा जेलमधे पुढं पळतो, मोठा मागं राहतो. संकर नीट झाला तर बीमधे दोन्ही येतात, दोन रेघा दिसतात. फुलातले केसर आदल्या संध्याकाळी खुडायचे राहिले तर फूल स्वतःच फळतं, मग आईचीच रेघ.

"म्हंजे माह्या फुलाले बाप नाही म्हनता?"
"पाच बियांमधे नाही."
"संध्याकाळी खुडलं म्या, लाल चिठ्ठी बांधली म्या, सकाळी बापाचं फूल घासलं तेबी म्याच. अन् तुमी मले सांगून राह्यल्या?"

मले राग आला. मशीन खोटं बोलत नाही, म्हटलं. जाताना त्यांनी रुमालात बांधलेल्या बिया टेबलावर ठेवल्या. "याच लॉटातल्या हायेत, मॅडम. पुन्हा पाहा." मी त्या ड्रॉवरमधे टाकल्या. एकदा नापास झाला की पुढच्या हंगामात त्यांना प्लॉट मिळत नाही, यादीतून नाव जातं. त्याले मी काय करू?

७ फेब्रु., शनि.
नवीन जेल. ब्लेड घेतलं उजवा कोपरा कापायला, अन् हात तिथंच थांबला. कोपरा कापतो तो यासाठीच, जेल पलटला तरी कोणती बाजू कोणती ते कळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात शिकवतात. मंगळवारी कापला होता का?

जुना फोटो काढला. चारही कोपरे शाबूत. मार्करही मधोमध, त्याच्यावरूनही काही कळत नाही. पलटलेला असेल तर सात म्हणजे अकरा अन् अकरा म्हणजे सात. पलटला ते तर मी डोळ्यानं पाह्यलं. परत सरळ केला का ते...

आठवत नाही. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

८ फेब्रु., रवि.
आई म्हणे, "काहून तोंड पाडून बसली?" सगळं सांगतलं. आईले समजावून सांगावं लागत नाही. मी शाळेत होती तेव्हा नऊ हंगाम तिनं अशाच प्लॉटवर मजुरीनं फुलं खुडली. उजव्या अंगठ्याचं नख अजून काळं, एका बाजूनं झिजलेलं. असलं काही जीनमधे उतरत नाही. माझा अंगठा गुळगुळीत आहे.

"तुझं काम कधी नापास झालं का?"
"एकडाव. मीच चुकली असन, म्हटलं. कागद आलता ना."

मग वांगे चिरायले बसली. माझ्यानं तिच्यासमोर बसवलं नाही.

९ फेब्रु., सोम.
सरले सांगतलं. "खात्री आहे?" म्हणे. नाही, म्हटलं. "मग कायले बोंब मारता? सात पॅकिंगला गेला." दोन्ही लॉट पुन्हा तपासायले राखीव नमुन्याच्या कपाटाची चावी मागितली. "पाहू." सरचं पाहू म्हणजे नाही, हे लॅबमधे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर त्या कपाटासमोरून उगाच येजा केली.

११ फेब्रु., बुध.
चावी नाही तर नाही. मंदाबाईंच्या रुमालातल्या बारा बिया घेतल्या. मार्कर पहिल्या खान्यात. कोपरा कापला, तरी तीनदा हात लावून पाह्यला. जेल चालू असताना एका जागी बसवेना.

बारा बिया, चोवीस रेघा. मोजल्या, पुन्हा मोजल्या. रडू आलं. लाजेनं आलं, दुसरं काही नाही.

झालेली चूक कागदावर लिहिली, सही केली, फोटो जोडून सरच्या टेबलावर ठेवला. सर सोमवारपर्यंत सुटीवर. सातच्या पिशव्यांची गाडी उद्या. पॅकिंगवाल्यांना म्हटलं थांबा, ते म्हणतात सरचा फोन पाहिजे. सर फोन उचलत नाहीत.

मंदाबाईंना लावला.
"मी लोहाऱ्याच्या लॅबमधून. चूक माझी होती. तुमचं बी बरोबर आहे."
मागं बकरी ओरडत होती.
"म्या सांगतलं होतं तुमाले."
"हो."
"मंग त्या पाच बिया कोनाच्या?"
"सातच्या असतील. दुसऱ्या बाईच्या."
"तिले कोन सांगन?"
मी, म्हटलं.

रजिस्टर काढलं. लॉट ७, नाव, नंबर. तिच्या घरी पासचा कागद पोचून आठवडा होत आला. साडेपाच वाजले. फोन हातात आहे, पहिलं वाक्य जमून नाही राह्यलं.