अंगणात मावेल एवढं घर

दिघी,
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
धाकट्या धर्माचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन घेत नाही म्हणून रागावू नकोस. उभा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी गेला, त्यात कान गेले. फोनवर तू बोलतेस ते मला डबीत माशी कोंडल्यासारखं ऐकू येतं. कागदावर मात्र तू स्वच्छ ऐकू येतेस, रागावलेली असलीस तरी.

बातमी अशी की मी घर बांधायला घेतलंय. घाबरू नकोस, जमिनीवर नाही, पिकअपवर. मासळी वाहणं थांबवल्यापासून गाडी दारात उभी राहून गंजतेय, आणि संसार अर्ध्यावर टाकून भाविका गेल्यापासून गाडीचा मालकही गंजतोय, असं लेक शिवानी म्हणते. दिवाळीला पुण्याहून आली तेव्हा तिने मला मोबाईलवर एक प्रकार दाखवला. गाडीच्या हौद्यावर खोलीएवढं खोकं चढवायचं, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, की निघाले. त्याला कॅम्पर म्हणतात. हवं तेव्हा खोकं चार पायांवर उभं करून ठेवायचं आणि गाडी मोकळी करायची. मला ते फार आवडलं. मुरुड, हर्णै, पार मालवणपर्यंत किनाऱ्याने जाईन म्हणतो.

आता निवड करायची आहे. शिवानीला सगळ्या सोयींचं हवं, फ्रिज आणि संडाससुद्धा. तिच्या ओळखीतला पनवेलचा एक फॅब्रिकेटर लोखंडी सांगाडा आणि प्लायवूडमध्ये बनवून देतो. दुसरा प्रकार कापडी, घडीचा, टपावर उघडणारा. तो हलका आहे, पण शिडीने वर चढायचं, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. तिसरं म्हणजे आगरदांड्याचा विनेश, फायबरच्या होड्या बनवतो तो, म्हणतो की मी होडीसारखंच हलकं खोकं ओतून देतो. अजून ठरत नाही.

भावोजींचा हात हलतो का आता? तुझी तब्येत कशी आहे ते नीट लिही. आणि जाता जाता विचारतो, तुमच्या वाडीच्या फाटकाची रुंदी किती असेल? सहज विचारलं.

तुझी माया होती तशीच घट्ट राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
धर्मा


किहीम,
२१ जानेवारी २०२५

चि. धर्मास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले. हे ओट्यावर बसले होते, त्यांनी दचकून पाहिलं. लहानपणी तू खडकांत जाऊन शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे पकडायचास. आता एकसष्टीला स्वतःच तसला खेकडा व्हायला निघालास.

पण धर्मा, एक सांग. रस्त्यात कुठे छातीत दुखलं तर? गोळ्या कोण आठवणीने देणार? मालवणला तुझं कोण आहे? फिरायला माझी ना नाही, पण घर रिकामं वाटतं म्हणून पळत सुटणार असशील तर ते रिकामेपण गाडीतही चढून बसेल. आणि शिवानीचा तो फ्रिज आणि संडास राहू दे. त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी असलेल्या खोलीत तू जेवणार आहेस का?

यांचं तसंच आहे. भादव्यात झटका आला तो उजवी बाजू घेऊन गेला. अलिबागला व्यायामाला न्यायला सांगितलंय, पण रिक्षावाला रोज यायला कटकट करतो, मग आठवड्यातून एखाद दिवस होतं. सगळे शब्द गेले, एक ‘न्हाय’ तेवढा राहिला. चहा हवा का, न्हाय. नको का, तरी न्हाय. मी कप पुढे करते, तो घेतात. चाळीस वर्षं संसारात जे ऐकलं तेच आता जास्त ऐकते, एवढाच फरक. प्रज्योत बोटीवरच आहे, पावसाळ्यात सुट्टी मिळाली तर आईबापाला बघायला येईल.

माझं बरं चाललंय. फाटक कशाला रे मोजायचं? गाडीच्या दाराला आमचं फाटक लावणार आहेस की काय?

गोळ्या वेळेवर घे. आठवण ठेवतोसच, ती लिहूनही कळवत जा.

तुझी,
ताई


दिघी,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
पाय धरून शि. सा. न. वि. वि.

निवड झाली. त्याची हकीकत सांगतो.

आधी पनवेलला जाऊन आलो. त्या माणसाचं काम सुबक आहे, खोटं कशाला बोलू. भिंतीत कपाटं, घडीचं टेबल, छताला पंखा, आतून लाकडासारखं दिसणारं सनमायका. मी हात फिरवत बसलो. तेवढ्यात वजन विचारलं, तर म्हणाला साडेचारशे किलोच्या आसपास, जास्त नाही. जास्त नाही! ताई, माझी गाडी अर्धा टन माल वाहणारी. त्यात भरलेली पाण्याची टाकी, गॅस, गादी, भांडी आणि मी. त्याने नमुन्याचं खोकं माझ्याच गाडीवर चढवून दाखवलं. मागचे स्प्रिंगचे पाटे पार बसले आणि पुढची चाकं अधांतरी असल्यासारखी वाटायला लागली. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरलं. बर्फ आणि मासळी भरून मी ही गाडी वर्षानुवर्षं हाकली, मला असली भीती कधी वाटली नव्हती. उतरलो, त्याला नमस्कार केला आणि परत आलो.

शिवानी रुसली. तिचं म्हणणं, बाबा, मग मोठी गाडी घ्या. मी म्हटलं, गाडी बदलायची नाही, हौस कमी करायची. मग आम्ही दोघांनी मिळून एकेक वस्तू काढली. फ्रिज गेला, संडास गेला, टेबल, कपाटं, सगळं गेलं. राहिलं काय, तर पंखा, लांब बिछाना, एका चुलीची शेगडी, छोटी टाकी आणि तीन बाजूंना खिडक्या. विनेश फायबरमध्ये करतोय. रिकामं खोकं दोनशे किलोच्या आत बसेल असा त्याचा अंदाज आहे. चार कोपऱ्यांना पाय, गोल दांडा फिरवला की वर उचलतात आणि गाडी खालून निघून जाते. नियमाचंही विचारून घेतलं. गाडी चालू असताना मागे कुणी बसायचं नाही. ते बरोबरच आहे.

आता दुसरं. तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे उतरत गेल्यात. तू शाळेत असल्यापासून ओळ सरळ लिहितेस. तू आडवी पडून लिहितेस, हो ना? काय झालंय ते लपवू नकोस.

फाटकाची रुंदी अजून कळवली नाहीस. माड कुठे कुठे आहेत तेही लिही. डोक्यावर नारळ पडणार नाही अशी सपाट जागा वाडीत आहे का?

माझ्यावरचा राग काढायचा तो काढ, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धर्मा


किहीम,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. धर्मास,
आशीर्वाद.

काल दुपारी टेप घेऊन फाटकाशी गेले. मोजता मोजता तिथेच खाली बसले. इतका कसा रे उशीर झाला मला कळायला! मालवणला जाणारा माणूस माझं फाटक का मोजेल?

मग मीही लपवत नाही. पौषात यांना मोरीतून उठवताना पाय सरकला आणि दोघंही पडलो. यांना काही लागलं नाही. माझ्या कण्याची गादी सरकली आहे. डॉक्टर म्हणतात, वजन उचलायचं नाही. आता यांना उचलणं हेच माझं काम, तर ते न करून कसं चालेल? शेजारची भली माणसं सांगतात, यांना पनवेलकडे कुठे पैसे भरून ठेवतात तिथे ठेव. रात्री विचार करते आणि सकाळी यांचं तोंड पुसताना तो विचार पुसून टाकते.

तुला हे कळवलं नाही, कारण तू काय करशील ते मला ठाऊक होतं आणि काय करणार नाहीस तेही. मला टायफॉइड झाला तेव्हा तू मला माहेरी न्यायला आला होतास. यांनी तापट डोक्याने म्हटलं की बायको माझी आहे, तुझ्या बोटीतली मासळी नाही. आणि तू म्हणालास की यापुढे या छपराखाली पाठ टेकणार नाही. मी तापात पडून दोघांचंही ऐकलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला येतोस, ओवाळून घेतोस, आणि उन्हं उतरायच्या आत आगरदांड्याच्या फेरीबोटीच्या वाटेला लागतोस. शब्द पाळणारा भाऊ मिळाला म्हणून मी कधी देवाचे आभार मानले, कधी कपाळावर हात मारला.

तर तू आपलं छप्पर बरोबर घेऊन येणार आहेस. वेडा आहेस.

फाटक तुझ्या गाडीलाच बेताचं होतं, खोकं तर त्याहून रुंद असणार. आज सकाळी भागोजी गवंड्याला बोलावून डावा खांब काढून घेतला. हे ओट्यावरून बघत होते आणि सारखं ‘न्हाय, न्हाय’ करत होते. खांब पाडायला न्हाय की तू यायला न्हाय, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. विहिरीच्या पलीकडे आंब्याखाली सपाट जागा आहे.

पण आधीच सांगते, ते तुला बघून तोंड फिरवतील. तू मनाला लावून घ्यायचं नाही. जमणार असेल तरच ये.

तुझी,
ताई


दिघी,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जमणार आहे. खोकं परवा गाडीवर चढलं. वजनकाट्यावर नेऊन आणलं, टाकी भरून, मला धरून, सगळं गाडीच्या मर्यादेत बसलं. जेट्टीवर माणसं जमली होती. कुणी म्हणालं मोठी बर्फाची पेटी, कुणी म्हणालं आइस्क्रीमवाला. फेरीबोटीतून येताना हलकं म्हणून वारा लागेल, तेव्हा सकाळची शांत फेरी धरीन.

माझं ठरलेलं ऐक. चहा-जेवण माझ्या शेगडीवर. घरात मी भावोजींना उठवायला, बसवायला, आंघोळ घालायला येईन. ते काम झालं, आराम नव्हे. पाठ टेकायची ती माझ्या छपराखाली. खोकं तुझ्या अंगणात उभं राहील आणि मोकळ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून भावोजींना रोज अलिबागला व्यायामाला नेईन. गाडी बुटकी आहे, त्यांना चढता येईल. म्हणून तर मोठी घेतली नाही.

त्यांनी तोंड फिरवलं तर फिरवू दे. आंघोळ घालताना पाठ चोळायला सोपं पडेल.

भेटीअंती बोलूच, मोठ्याने बोल.

तुझा,
धर्मा


किहीम,
४ मे २०२५

चि. शिवानीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा कसे आहेत म्हणून तू सारखी फोन करतेस आणि मी बरे आहेत एवढंच सांगते, कारण ते इथेच बसलेले असतात. ऐकू येत नाही, पण ओठ ओळखतात. म्हणून हे सगळं पत्रात लिहिते.

पहिला महिनाभर इथे दोन देशांची हद्द आखली होती. विहिरीच्या पलीकडे तुझ्या बाबांचं राज्य, अलीकडे तुझ्या काकांचं. बाबा सकाळी यायचे, काकांना उचलून मोरीत न्यायचे, आंघोळ घालायचे, गाडीत बसवून अलिबागला घेऊन जायचे. सगळं न बोलता. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, तरी दोघांचं भांडण मला स्पष्ट ऐकू यायचं. काका साबण खाली टाकायचे, बाबा उचलायचे. काका पुन्हा टाकायचे. मी जेवायला बोलावलं की बाबा आपल्या खोक्यात जाऊन स्वतःचा भात शिजवायचे, आणि तो करपल्याचा वास ओट्यापर्यंत यायचा. काका नाक वर करून माझ्याकडे बघायचे.

व्यायामाने फरक पडला. पाडव्यानंतर काका वॉकरची चौकट धरून उभे राहायला लागले, मग चार पावलं टाकायला.

मग एप्रिलचं ऊन आलं. हलकं घ्यायचं म्हणून आपण फायबर घेतलं, पण ते किती तापतं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आंब्याची सावली दुपारी सरकते. मी बाबांना म्हटलं ओट्यावर येऊन पड, तर म्हणाले पंखा आहे. गेल्या मंगळवारी जेवून मी आत पडले होते. ओट्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला, एकसारखा. बाहेर आले तर काका अर्धे उठलेले, काठीने खोक्याकडे दाखवतायत आणि ओरडतायत, न्हाय, न्हाय. धावत गेले. बाबा बिछान्यावर घामाने निथळत होते, हाक मारली तर डोळे उघडेनात. माझी ओरड ऐकून धावत आलेला भागोजी गवंडी आणि मी, दोघांनी त्यांना ओढून सावलीत आणलं, पाणी मारलं. डॉक्टर घरी येऊन गेले. उन्हाने झालं, छातीचं काही नाही म्हणाले. घाबरू नकोस, आता अगदी बरे आहेत. तुला तेव्हाच कळवलं नाही याचा राग माझ्यावर धर.

आता पुढचं ऐक. संध्याकाळी बरं वाटल्यावर बाबा पुन्हा आपल्या खोक्याकडे निघाले. मी रडले, विनवलं, काही उपयोग झाला नाही. छपराखाली पाठ टेकणार नाही, शब्द म्हणजे शब्द. काका ओट्यावर सगळं बघत होते. त्यांनी चौकट ओढली आणि उठले. मला वाटलं मोरीत जायचंय. तर ते पायरी उतरले. आधाराला गेले तर कोपराने मला बाजूला केलं. अंगण ओलांडलं, विहिरीला वळसा घातला. एवढं ते झटका आल्यापासून कधी चालले नव्हते. तुझ्या बाबांच्या पुढे जाऊन खोक्याच्या पायरीशी थांबले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. बाबांनी शेवटी हात दिला. वर चढायला मदत केली, त्यांना वाटलं आत बघायचं असेल. काका बिछान्यावर बसले, पाय वर घेतले आणि सरळ आडवे झाले. बाबांनी खांदा हलवला, तर डावा हात उचलला. आधी तुझ्या बाबांकडे बोट दाखवलं, मग घराकडे. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

तुझे बाबा बाहेर अंगणात उभे. ऊन उतरलं, डास चावायला लागले. म्हणाले, ताई, याला उठव. मी म्हटलं, तूच उठव, तुझं घर आहे. शेवटी ते घराकडे वळले. मग चपला काढल्या, पाय धुतले, घरात गेले आणि काकांच्या खाटेवर झोपले.

तेव्हापासून असंच चाललंय. दुपारी दोघंही घरात असतात, शेजारी शेजारी, पंख्याखाली. ऊन उतरलं की काका चौकट घेऊन आपले आपण खोक्याकडे निघतात, आणि तिन्ही खिडक्या उघड्या टाकून झोपतात. त्यांना ते फार आवडलंय. खिडकीतून माड दिसतात, वारा लागतो. तुझे बाबा खाटेवर असे घोरतात की आम्हाला शेजाऱ्यांची लाज वाटते.

आणि मी या दोघांच्या मध्ये, ओट्यावर अंथरूण घालते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाठ सरळ ठेवून. परवा सकाळी जाग आली तर उन्हं तोंडावर आली होती आणि दोघंही चहासाठी माझ्या उठण्याची वाट बघत बसले होते. मला कुणी उठवलं नाही.

सुट्टी मिळाली की ये. झोपायला कुठे हा प्रश्न या घरात आता उरलेला नाही.

तुझ्यावर जीव आहे तो असा लांबून पुरवावा लागतो, जवळ येऊन घेऊन जा.

तुझी,
नीराआत्या