माझ्या वाटणीची टिकली

धाराशिव, मंगळवार, संध्याकाळ

नगरपालिकेच्या मुलीनं आज गल्लीतल्या बायकांना समाजमंदिरात बोलावलं होतं. सतरंजीवर गल्लीचा नकाशा अंथरला आणि प्रत्येकीला एकेक लाल टिकली दिली, कपाळाला लावतात तीच. जिथं दिवा हवा तिथं चिकटवा, म्हणाली. जास्त टिकल्या तिथं आधी खांब.

मला जागा शोधावी लागली नाही. ओढ्याजवळचं वळण. तिथंच अंधारात टेम्पोनं ह्यांना उडवलं, आणि आमची आशा रोज क्लासवरून तिथूनच येते.

टिकली बोटावर घेतली, तोच शेजारच्या गोदाकाकू त्या मुलीवर डाफरल्या, "हिला कशाला टिकली देतीस गं? जरा बघून दे की." मग माझ्या बोटावरची अलगद काढून घेतली. "राहू दे माय, तुझी मीच लावते." लावली नकाशातल्या समाजमंदिराच्या दारात, स्वतःच्या टिकलीशेजारी.

वाईट मनानं नव्हतं ते. हे गेले तेव्हा महिनाभर भाकरी त्यांच्याच घरून यायची. त्यांना काय बोलणार? पण एवढी पुस्तकं वाचते मी, आणि एक वाक्य तोंडातून निघू नये? कागदावर लावायची टिकली होती ती.

वळणावर एकही लागली नाही. मुलीनं नकाशा गुंडाळला.

आत्ता बॅटरी घेऊन आशाला वळणावरून घेऊन आले. काकू दारातच होत्या. "लागली ना गं तुझी टिकली नीट?"

"व्हय काकू," म्हणाले.