तिरकं लेबल

३ सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या प्रयोगशाळेत रक्त देताना मी ओरडलो, हे तू वहिनीला आधीच कळवलंस. त्यामुळे दारातच माझा सत्कार झाला. सुई टोचणारा तो तुझा वर्गमित्र! त्याच्यापेक्षा माझी मिशी वयाने मोठी आहे.

पण तुला हसताना पाहून बरं वाटलं. 'पन्नाशीपुढचा निरोगी पुरुष म्हणून माझी निवड झाली, हे वहिनीला लेखी दे,' असं मी म्हणालो आणि तू इतकी हसलीस की नळीवरचं लेबल तिरकं बसलं. एरवी तुझी पत्रं म्हणजे नुसता वैताग आणि रोगराई. पहिल्या वर्षी माझी नखं पांढरी दिसली. दुसऱ्या वर्षी वहिनीच्या मागे थायरॉइड लावलास. यंदा मूत्रपिंडाचा धडा निघाला आणि माझे पाय सुजले. ते बूट नवे होते म्हणून, हे तुला पटेना. दर वेळी आम्ही निमूट तपासण्या केल्या, दर वेळी डॉक्टरांनी हसून परत पाठवलं. वहिनी म्हणते, पुढचा धडा कुठला ते आधी कळव, म्हणजे त्या अवयवाला जपू.

दुकान बरं चाललंय. तसबिरींच्या फ्रेमा उचलताना हल्ली दमतो, पण कमरेचा पट्टा सैल झालाय म्हणून वहिनी खूश आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी तक्रार नाही.
दादा


९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग चिडले. माझ्यावरचे विनोद मला पाठ आहेत, नवीन काढ.

विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून, लेक कॉलेजला गेली त्याच वर्षी मीही विद्यापीठात आले. आता शेवटचं वर्ष आहे आणि बायोमेडिकल सायन्स म्हणजे काय हे मी कुणाला सांगायचंच सोडलंय. डॉक्टर होणार म्हणावं तर ते खोटं. नाही म्हणावं, तर 'मग कशाला?' हा प्रश्न तयारच असतो. खरं सांगू? तो आता मीही विचारते. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात, आणि एखादं यंत्र बिघडलं की सगळ्यांची नजर आधी काकूंकडे वळते.

सध्या तुम्हा स्वयंसेवकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतेय. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि डोळे फुटेस्तोवर मोजायचं. माझी मोजणी प्रकल्पातल्या जोडीदाराच्या मोजणीशी जुळत नाही. सर दोन्ही कागद शेजारी ठेवतात आणि काही न बोलता परत देतात. ओरडले असते तर बरं. कोणती नळी कोणाची हे आम्हाला कळत नाही. नळीवर फक्त आकडे असतात आणि नावांची यादी सरांच्या कुलपात. ते एक बरं आहे, नाहीतर तुझ्या पेशीही मला टोमणे मारायच्या.

वहिनीला नमस्कार. माझ्या वैतागासकट माझ्यावर माया ठेव.
तुझी बारकी


१८ सप्टेंबर
(हे पत्र पाठवायचं नाही.)

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एका नमुन्यात पांढऱ्या पेशी भरमसाट आहेत. एरवी हाडांतल्या मज्जेबाहेर न दिसणाऱ्या कच्च्या पेशीही त्यात दिसतात. हे चित्र पुस्तकात पाहिलंय. रक्ताचा कर्करोग, हळू वाढणारा. आणि दादा, त्या नळीवरचं लेबल तिरकं आहे.

आधी वाटलं, माझंच चुकलं. काचपट्टी नव्याने रंगवली, पुन्हा मोजलं. परीक्षेत मनासारखे गुण पडावेत म्हणून कधी तळमळले नव्हते तेवढी आज माझी चूक निघावी म्हणून तळमळले. संध्याकाळी सरांनी स्वतः मोजलं आणि म्हणाले, या वेळी तुमची मोजणी बरोबर आहे.

मी त्यांना लेबलाचं सांगितलं. ते म्हणाले, हे तुम्हाला माहीत असायला नको होतं. त्या माणसाला कळवलं जाईल, पण नीट मार्गाने. नीतिसमितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तिची परवानगी आली की ते स्वतः पत्र लिहितील. आपली प्रयोगशाळा रोगनिदानासाठी नाही. एका विद्यार्थिनीच्या अंदाजावर कुणाला कर्करोग झाल्याचं सांगायचं नसतं. मी तोंड उघडणार नाही असा शब्द त्यांनी घेतला. मी दिला.

नियम बरोबर आहे हे मला कळतं, म्हणून तर राग जास्त येतो. आणखी कुणी घाईत तिरकं लेबल लावलं नसेल कशावरून? आणि मी नियम मोडून लिहिलं तरी तू काय करशील? हसशील. 'लांडगा आला रे' मी तीन वर्षं ओरडतेय. मला बोलायची मोकळीक होती तेव्हा मी नको तेवढं बोलले. आता बोलण्यासारखं आहे तर तोंडाला कुलूप.


१९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. अभ्यास चालू आहे. तू कसा आहेस? झोप लागते ना? दुकानात जड फ्रेमा दुसऱ्या कुणाला उचलायला सांगत जा. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर वापरायला काढलाय.

तुझी आठवण येते. माझ्यावर रागावू नकोस.
बारकी


३० सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं छोटं पत्र मी वाचलं आणि फ्रेमेच्या काचेखाली सारून कामाला लागलो. रात्री वहिनीने वाचलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की याचं दुसरं पान कुठे आहे. मी म्हटलं, एवढंच आहे. ती म्हणाली, मग यात रोग कुठाय? बारकीच्या पत्रात रोग नाही असं कधी झालंय का? आणि रागावू नकोस म्हणतेय, ते कशाबद्दल?

मी हसून सोडून देत होतो. पण वहिनी हसेना. सकाळी दुकानाला कुलूप लावायला लावून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, काही नाही, बहिणीने या वेळी काहीच लिहिलं नाही म्हणून आलोय. त्यांना तुझा इतिहास माहीत आहे. तरी त्यांनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं आणि रक्त तपासायला पाठवलं. मग मोठ्या इस्पितळात आणखी तपासण्या झाल्या. काल नाव कळलं. रक्ताचा कर्करोग आहे. हळू चालणारा, माझ्यासारखाच. गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, आणि वेळेत आलात असं म्हणाले.

तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही. विचारलं तर तू खरं सांगशील आणि मग महिनाभर स्वतःला खात बसशील. खरं तर मला तुझा राग आलाय. पण तो काढायचा कशावर हे कळत नाही. तू बोलली असतीस तर मी गेलो नसतो, हे मला पक्कं माहीत आहे.

वहिनीने कालच गोळ्या आणल्या. आज तिने मला विचारलं की गोळी जेवणाआधी की नंतर. ते आम्ही डॉक्टरांना विचारायचंच विसरलो. तू सांग.

लोभ ठेव, बाकी सगळं वहिनी ठेवेल.
दादा


६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गोळीचं मी सांगणार नाही. आधी की नंतर ते गोळीच्या नावावर ठरतं. पत्र मिळताच डॉक्टरांना फोन करून विचार, आणि वहिनीला शेजारी बसव. मी चिडून लिहीत नाहीये, मला हे सांगायचा अधिकार नाही. हे वाक्य मी यापुढे किती वेळा लिहिणार आहे कोण जाणे.

तुझं पत्र सरांना दाखवलं. म्हटलं, मी शब्द पाळला की मोडला ते मला ठरवता येत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मलाही नाही. समितीची बैठक काल झाली. सरांचं अधिकृत पत्र तुला आठवड्यात मिळेल. त्यात तुला जे माहीत आहे तेच फार आदराने लिहिलेलं असेल. हसू नकोस, त्यावर सही करून परत पाठव.

आज प्रकल्पात एक काम होतं. निरोगी पुरुषांच्या गटातून एक आकडा वगळायचा होता. सर म्हणाले, दुसऱ्या कुणाला सांगू का? मी नाही म्हटलं. पट्टी घेतली, पेन घेतलं आणि रेघ मारली. सरळ आली. जोडीदाराने विचारलं, काकू, काय झालं? मी म्हटलं, एक माणूस कमी झाला. आणि लगेच म्हटलं, गटातून रे, फक्त गटातून.

रविवारी येते. तुझ्या पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांसमोर बसणार आहे. प्रश्न मी विचारणार, तू गप्प बसायचंस.

लोभ आहेच. त्यात कमी-जास्त वाटल्यास लगेच कळवावे.
तुझी बारकी