बाळंतपणासाठी विनिपेगला

प्रिय आई,

तुला आणि एल्डनला खूप खूप माया. मी आणि पोटातलं बाळ ठणठणीत आहोत. पण जीव वैतागलाय! गावच्या दवाखान्यात बाळंतपण करत नाहीत म्हणून सरकारने महिनाभर आधीच विमानाने इथे शहरात आणून टाकलं, आणि एल्डनच्या तिकिटाला मात्र नकार. नवरा म्हणे गरजेचा नाही!

आम्हा गरोदर बायकांच्या वसतिगृहातलं जेवण अगदी बेचव. एल्डनने मारलेल्या मूस हरणाचं मटण संपवलंत का गं सगळं?

परवा शेजारच्या खोलीतल्या लेनोराला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या गावची कोवळी पोर, एकटीच. मी सोबत इस्पितळात गेले, तर नर्सबाईंनी दारातच अडवलं.

"तुम्ही हिच्या कोण?"

"बहीण."

"आडनाव तर वेगळं आहे."

"तुमच्याकडे बहिणींची लग्नं होत नाहीत का?"

सोडलं मग आत. मुलगी झाली. लेनोरा बाळ होईपर्यंत आईला हाका मारत होती गं. माझ्याने ऐकवेना.

तू आपल्या गावच्या प्रमुखांना आजच सांग, गावात सुईण नेमायचं नुसतं बोलणं पुरे झालं. मी परत आले की बाळाला घेऊन त्यांच्या बैठकीत बसणार आहे. तिथेच पाजीन, तिथेच झोपवीन, पण सुईण आल्याशिवाय उठणार नाही.

तुझीच,
डॅरलीन