एक जूनचा जन्म

साक्री, १२ एप्रिल १९५७

अकरावीच्या मुलांची परीक्षा संपली, आता माझी सुरू. दर वर्षी या दिवसांत आमची ओसरी म्हणजे अर्जांचं दुकान. फी माफ करणारी नादारी कोणाला, वसतिगृह कोणाला, धुळ्याचा शिक्षण फंड कोणाला. सौ. म्हणते, बाहेर पाटी लावा.

आज सात जण येऊन गेले. एकाने विचारलं, कॉलेजात घंटा कोण वाजवतं. दुसऱ्याच्या बापाला वाटतं सायन्स हे गावाचं नाव आहे. सातवी वत्सला, बोरपाड्याची. मी तिथल्या प्राथमिक शाळेत होतो तेव्हा तिला पाटी धरायला मीच शिकवलं. ती वहीत सगळं उतरवूनच आली होती : जळगावचं कॉलेज, सायन्स, मुलींचं वसतिगृह, मग बी. एस्सी. बाप घरची शेती करतो, खाऊनपिऊन बरं आहे. पण पोरीला परगावी ठेवून चार वर्षं शिकवायचं तर फंडाशिवाय जमणार नाही. आणि फंड नाही मिळाला तर लग्न. पिंपळनेरकडचं स्थळ आलंय, असं तिनेच सांगितलं. हे सांगताना खाली बघत होती, एरवी बघत नाही.

१५ एप्रिल

फंडाचा अर्ज भरायला घेतला. कलम चौथं : येत्या १ जून रोजी अर्जदाराची अठरा वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

वत्सलेचा दाखला काढला. जन्मतारीख १ जून १९३९. बोटांवर मोजलं, मग कागदावर. बरोबर त्याच दिवशी अठरा पुरी. दोन जून असती तरी चाललं असतं.

आमच्या अकरावीतली निम्मी मुलं एक जूनची. जन्माची तारीख कोणाला ठाऊक नसते, नाव घालायला येतात जूनमध्ये, गुरुजी सहा वर्षं मागे मोजतात आणि एक जून ठोकतात. पुढेमागे कोणी हे दाखले वाचले तर म्हणेल, खानदेशातल्या बायका बाळंत व्हायला जून उजाडायची वाट बघत होत्या. मी स्वतः कितीतरी मुलं अशी एक जूनला जन्माला घातलीत. आजवर हसतच सांगायचो हे.

१६ एप्रिल

झोप नीट नाही. लिहूनच टाकतो, इथे तरी.

१९४५ चा जून. बोरपाड्याच्या शाळेत मुलींचा पट जवळजवळ शून्य. इन्स्पेक्टर येणार. मी दारोदार फिरून चार मुली मिळवल्या. त्यातली वत्सला भावाच्या कडेवर बसून आली, नाक वाहत होतं, चालून दमली होती म्हणे. चार वर्षांची असेल नसेल. चाराची पोर पटावर चालेना. चौघींनाही सहा लिहिलं. चौघींनाही एक जून. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेरा दिला, ‘मुलींच्या शिक्षणाबाबत शिक्षकाचा उत्साह स्तुत्य.’ त्या शेऱ्यावर मला ट्रेनिंगला धुळ्याला पाठवलं, आणि त्या ट्रेनिंगवर पुढे हे हायस्कूल. बाकीच्या तिघी वर्षभरात शेणगोठ्याला परत गेल्या. ही तेवढी राहिली, पहिलं वर्ष बिगरीत काढून.

हे सौ.लाही सांगितलेलं नाही.

१८ एप्रिल

हेडमास्तरांना नुसतं एवढंच सांगितलं की मुलगी एका दिवसाने हुकते आहे. ते म्हणाले, मग दाखल्याची दुसरी प्रत काढा, एकाचा दोन करा, एका आकड्याने काय आभाळ कोसळतं. कोरा दाखला माझ्यापुढे सरकवला आणि पान लावायला घेतलं.

घरी आणला. दौत उघडली. पण बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एक जूनच येणार. जुलैत फंडवाले दोन्ही कागद शेजारी ठेवतील आणि पोरीला वसतिगृहातून सामानासकट परत पाठवतील. दौत बंद केली. हा काही माझा प्रामाणिकपणा नव्हे. भीती होती.

२१ एप्रिल

बोरपाड्याला जाऊन आलो. सायकल अर्ध्यात पंक्चर, पुढे चालत.

वत्सलेच्या वडिलांना, आबांना, म्हटलं तारखेत चूक आहे, पोर नक्की कधीची? ते म्हणाले, पांढरा बैल घेतला त्या साली. मग म्हणाले, नाही, तो बैल थोरल्याच्या वेळचा. शेवटी वैतागून म्हणाले, “गुरुजी, कागदवर अठरा शे ना? मंग अठराच.” अठरा झाली म्हणूनच तर स्थळ बघतोय, असंही वर. म्हणजे माझ्याच शाईवर पोरीचं लग्न निघालंय. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

निघालो तर वत्सलेची आई शेंगा निवडत दाराशी बसली होती. मान वर न करता बोलली. “माघ महिना व्हता. एकादशीना दुसरा दिन. ज्या साले मन्ही सासू वारली, त्याच साले. माले कोनी इचारंच नही.”

बारा वर्षांपूर्वी याच दारात उभं राहून मी बापाला वय विचारलं होतं. आजही बापालाच विचारलं. ही दोन्ही वेळा तिथेच होती. परतताना फार लाज वाटली.

२५ एप्रिल

दोन दिवस मामलेदार कचेरीत. गावागावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल बुकात लिहिलेलं असतं. जुनी बुकं इथे रेकॉर्डात. कारकून भला माणूस, पण प्रत्येक गठ्ठ्यामागे एक चहा. काही बुकं वाळवीने खाल्लेली. बोरपाड्याची शाबूत निघाली.

आधी म्हातारीचा मृत्यू सापडला. मग त्याच वर्षी मागे गेलो : ९ फेब्रुवारी १९४१, बापाचं नाव, पुढे ‘मुलगी’. मुलीचं नाव नाही. पंचांग काढून पाहिलं, माघातली एकादशी आदल्या दिवशीची. आईने म्हटलं तसंच, दिवसाचाही फरक नाही.

म्हणजे पोर सोळा वर्षांची आहे.

नक्कल मिळेल. पण कारकून म्हणाला, तेवढ्याने शाळेची तारीख बदलत नाही. ज्याने मूळ नोंद केली त्याचं प्रतिज्ञापत्र हवं, चूक का झाली ते लिहून. “त्या मास्तराला धरा,” म्हणाला. “जिवंत असला म्हणजे मिळवली.” मी मान हलवली.

२७ एप्रिल

सौ.ला सांगितलं. सगळं, शेऱ्यासकट. मग म्हणाली, खात्याने चौकशी लावली तर? आपली दोन मुलं अजून शाळेत आहेत. तिचं चुकत नाही. मी म्हटलं, त्या पोरीचं काय? ती म्हणाली, तिच्या बापाने बघावं.

तेव्हापासून अबोला. जेवण वेळेवर, ताट आदळून.

२ मे, धुळे

पहिल्या एस.टी.ने आलो. आबा आणि वत्सला सोबत; कोतवाल बुकाची नक्कल दाखवली तेव्हा आबा कुरकुरत का होईना तयार झाले. तारीख बदलायच्या अर्जावर आबांनी अंगठा दिला.

वकिलाने माझा मसुदा वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, ‘पटसंख्येसाठी’ कशाला लिहिता? ‘नजरचुकीने’ लिहा, सगळे तेच लिहितात, खातं वाचतही नाही. मोह झाला. फार झाला. ‘नजरचुकीने’ लिहिलंही. मग डोळ्यांपुढे ते रजिस्टर आलं. एकाखाली एक चार मुली, एकच तारीख, एकच शाई. चारदा ओळीने नजर चुकणारा मास्तर आंधळाच असायला हवा. कोणी रजिस्टर मागवलं तर माझं जाईलच, पोरीचाही कागद खोटा ठरेल.

खोडलं. लिहिलं : ‘मुलींचा पट भरावा म्हणून मी जाणूनबुजून वय वाढवून लिहिले.’ सही केली. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

१४ मे, धुळे

फंडाच्या कचेरीत अर्ज दिला, उद्या मुदत संपते. चिटणीस वयस्क, मोजकं बोलणारे. प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, “तेव्हा खोटं लिहिलंत, आता खरं लिहिताय. आम्ही कुठल्या मास्तरावर विश्वास ठेवायचा?”

कोतवाल बुकाची नक्कल पुढे केली. ते म्हणाले, यात नाव नाही. मी म्हटलं, त्या माघात त्या घरात दुसरी मुलगी झालेली नाही. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

एस.टी.त सगळी वाट मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत आलो. आता सुचतात, एकाहून एक चोख.

८ जून

निकाल. वत्सला पहिल्या वर्गात. गणितात आमच्या शाळेत आजवर एवढे गुण कोणाला नाहीत. हेडमास्तरांनी पेढे वाटले, मला दोन दिले.

ती आली ती पेढा हातात धरूनच. फंडाचं काही आलं का, एवढंच विचारलं. नाही. मंगळवारी पिंपळनेरचे लोक बघायला येणार आहेत. “सर, मी काय सांगू त्यांना?” मी म्हटलं, तू काही सांगू नकोस. का म्हटलं तसं, कोण जाणे. सांगण्यासारखं माझ्याजवळही काही नव्हतं.

११ जून

खात्याचा लखोटा. ‘आपण १९४५ साली खोट्या नोंदी केल्याचे आपणच कबूल केले आहे. पंधरा दिवसांत खुलासा करावा.’ हेडमास्तरांनी हातात दिला आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागले. शिक्षकांच्या खोलीत आज माझ्या शेजारची खुर्ची रिकामी.

सौ.ने लखोटा वाचला. जपून घडी घातली आणि देवघरातल्या पेटीत ठेवला. बोलली मात्र. “खुलासा नीट अक्षरात लिहा,” म्हणाली.

आज पिंपळनेरचे लोक बोरपाड्याला पोचले असतील.

१३ जून

सकाळी आबा आणि वत्सला दारात. मला वाटलं, सुपारी फुटली, सांगायला आले.

आबा बसले, पाणी प्यायले, मग थोडं तक्रारीच्या सुरात सांगू लागले. पाहुणे आले, बैठक झाली, मुलाच्या काकाने विचारलं, पोरगी अठराची ना? आबा हो म्हणणार तेवढ्यात घरातून बायको बोलली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पाहुण्यांपुढे कधी आवाज ऐकला नव्हता. “हाई पोर सोळानी शे. कचेरीना कागद शे. अठरा पुरं व्हवू द्या, मंग दखसूत.” मग बघू, म्हणे. पाहुणे उठले. जेवले, पण उठले. आबांना नक्की राग आला होता की काय, ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. बायकोशी भांडायला गेले तर ती म्हणे, मी मोजलेलं आहे.

मग मला विचारलं, “पन गुरुजी, फंडना पैसा नही उना तं?”

नाही आला तर काय, मला माहीत नाही. तसंच सांगितलं. कालच फंडाचं कार्ड आलं : समितीची बैठक १९ ला संध्याकाळी, अर्जदाराने हजर राहावे, नोंदी करणाऱ्या शिक्षकानेही. कॉलेजचे प्रवेश २० ला बंद. समितीपुढे पुन्हा तोच प्रश्न येणार, कुठल्या मास्तरावर विश्वास ठेवायचा.

वत्सला इतका वेळ उंबऱ्याशीच होती. आबा चपला घालायला उठले तेव्हा जवळ आली. “सर, म्हणजे काहीही झालं तरी मला जवळजवळ दोन वर्षं मिळाली ना?”

हो म्हणालो.

धुळ्याहून जळगावची पहिली गाडी २० ला सकाळी सहाला सुटते. बैठक उशिरा संपली तर साक्रीला परतून सामान न्यायला वेळ उरणार नाही. तिला म्हटलं, १९ ला निघताना वळकटी बांधूनच ये.