मेंढ्यांनी राखलेले घर

या अली मदद. मी, सवसन नजरशोएवा, विधवा, राहणार बारतांग खोरे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने सांगते आहे आणि आमच्या शाळेचे मास्तर ते लिहून घेत आहेत. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. मला कोणी पढवलेले नाही. या वयात ते कोणाला जमणारही नाही, हे गाव जाणते.

१. घर. पाच खांबांचे, प्रत्येक खांबाला पैगंबरांच्या घरातले एकेक नाव असलेले हे घर माझ्या पणजोबांनी बांधले. मी लहान असताना मॉस्कोच्या सरकारने आमचे सारे गाव उचलून खाली मैदानात कापूस वेचायला नेले. तिथल्या उन्हाने माझी आई गेली. माणसे परत फिरू नयेत म्हणून मागच्या घरांची छपरे पाडायचा हुकूम होता. सामुदायिक शेतीच्या मेंढ्या राखायला शेजारचे कुर्बोनशोकाका तेवढे वर राहिले.

पुढे काही वर्षांनी वडील आम्हा भावंडांना घेऊन पायी परतले. गावातली घरे उघडी पडली होती, भिंतींत गवत माजले होते. छप्पर फक्त आमच्या घराला होते. आनंदाने आत शिरलो तर मेंढ्या. ओट्यांवर गुडघाभर लेंड्या, पवित्र नावांचे खांब लोकरीच्या तेलाने काळे झालेले. वडिलांनी कुर्बोनशोकाकांना तोंडाला येईल ते सुनावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ते म्हणाले,

"नजरशो, माणसाचं घर म्हटलं असतं तर पाडलं असतं रे. मी साहेबांना सांगितलं, हा मेंढवाडा आहे. मेंढवाडा कोण पाडतो?"

दर हिवाळ्यात ते एकटे आमच्या छपरावर चढून बर्फ ओढत होते, हेही तेव्हा कळले. वडील उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "आधी चहा घेऊ. मग दोघं मिळून काढू हे."

लेंड्यांच्या पाट्या मीही वाहिल्या. याच घरात माझे लग्न लागले, याच घरात मुलगा झाला.

म्हणून हे घर, अंगण आणि गोठा मी कुर्बोनशोकाकांची नात निगोर हिला देते. माझे पती गेल्यापासून छपरावरचा बर्फ तीच काढते. मी कधी सांगितले नाही, तिने कधी विचारले नाही. छपराला दरवर्षी मातीचा लेप द्यावा. पत्रा घालू नये.

२. मुलगा अलिदोद मॉस्कोत इमारती बांधतो, माझी औषधे पाठवतो. त्याला हे घर पाडून विटांचे बांधायचे होते. "आई, माझ्या पोरांनी चुलीच्या धुरात झोपायचं का?" असे तो म्हणाला. त्याचेही खोटे नाही. नदीकाठचे शेत आणि जर्दाळूची झाडे त्याची. तिथे विटांचे बांधावे, मोठ्या खिडक्या कराव्यात. माझा राग नाही.

३. धाकटे दीर मिर्झो शहरातला व्यापारी घेऊन या घराची कोरीव तुळई विकायला आले होते, मी आजारी असताना. माझ्या मयतीला त्यांना पोटभर जेवू घालावे. फक्त खांबाला टेकून बसू देऊ नये.

४. मोठी कढई गावाची. गाय निगोरची, ती डावीकडून दूध काढू देत नाही, हे निगोरला ठाऊक आहे. लोकरीचे रंगीत मोजे माझ्या सुनेला. मॉस्कोत थंडी असते.

५. मला नेताना छपरातल्या झरोक्याखाली थोडे थांबवावे. उजेड तोंडावर पडू द्यावा. या घराने मला मिळायला हवे त्याहून जास्त दिले.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

सवसन नजरशोएवा (अंगठा)

साक्षीदार: शोझोदा मामदियोरोव, मास्तर. बीबीनोर अकनाझारोवा, सुईण.

बारतांग, १२ ऑक्टोबर २०१७

मुलाची संमती, त्याच्या हाताने: आईने मला समोर बसवून सगळे ऐकवले. घर निगोरताईचे, मला मान्य आहे. यंदा लेप द्यायचा राहिला आहे. परतीचे तिकीट पुढे ढकलले. उद्या ताई आणि मी माती कालवतो आहोत. — अलिदोद