रहस्यकथेला केळफूल

येशू, मरिया, योसेफ
गिरीज, १६ फेब्रुवारी १९५२

ती. जुलियाना बाय हिस,
धाकट्या रेजिनाचा सा. न. वि. वि.

बाबांच्या परतीच्या टोपलीतून तू पाठवलेली चारही पुस्तकं सुखरूप पोचली. बाबांची फुलं मुंबईला विकायला नेणाऱ्या रंभामावशीने परतताना ती रिकाम्या टोपलीत मोगऱ्याच्या दोऱ्याखाली ठेवली होती, त्यामुळे रहस्यकथेलासुद्धा लग्नघराचा वास येत होता. मी चारही वाचून संपवली. मी शिकवते त्या वर्गात पाढे चालू असताना टेबलाखाली धरून वाचली हे आईला कळवू नकोस.

आता आपला नेम. पुस्तक संपलं की त्याचं फूल ठरवायचं आणि पहिल्या पानात ठेवून मगच ते शाळेच्या वाचनालयाच्या कपाटात लावायचं. प्रेमाच्या कादंबरीला जास्वंद दिली. सकाळी केवढा तो थाट, संध्याकाळी मान खाली, आणि वासाच्या नावाने शून्य. संताच्या चरित्राला तगर, कारण नाव ठेवायला जागा नाही आणि लक्षातही राहत नाही. (हे फादरांना कळवू नकोस.) कवितांना सुरंगी. पहाटे उठल्याशिवाय ती हाती लागत नाही, पण सुकली तरी पान सुगंधी ठेवते. रहस्यकथेला कण्हेर, दिसायला देखणी आणि पोटात विष.

यावर माझी मी खूश होते. पण बाय, आज ती रहस्यकथा परत आली आणि आत ही चिठ्ठी निघाली: "कण्हेरीचं विष लहान पोरांनाही माहीत असतं. जो सगळ्यांना आधीच माहीत, तो गुन्हेगार कसला? प्लासिड, गास." हा गासच्या शाळेतला नवा मास्तर. दर शनिवारी सायकलवरून पुस्तकं बदलायला येतो. अक्षर असं की कोंबडी शाईतून चालत गेली आहे. मीही लगेच चिठ्ठी लिहून दुसऱ्या पुस्तकात ठेवली, की मग आपणच योग्य फूल सुचवावं. त्याने तिथेच उभ्याने वाचली आणि विचार करून कळवतो म्हणाला. एका फुलाला किती विचार लागतो? त्याचं अक्षर खरंच फार वाईट आहे.

बाबांनी त्या बेनेडिक्टचं स्थळ पुन्हा काढलंय. इस्टरपर्यंत हो की नाही ते सांग म्हणतात. तो मागे आला तेव्हा आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता की मोगऱ्याच्या वासाने त्याचं डोकं चढतं. बाबा आपल्या मोगऱ्याच्या टोपलीकडे बघत राहिले. मला काय उत्तर द्यावं ते खरंच सुचत नाही. घर चांगलं आहे, नोकरी चांगली आहे, आणि घरात पुस्तक म्हणून एकही नाही.

तुझा लोभ आहेच, त्याला असंच पाणी घालत राहावं.
तुझी
रेजिना


माझगाव, २४ फेब्रुवारी १९५२

चि. रेजिनास,
जुलियानाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आमच्या फ्रेडरिकना एकदा वाचून दाखवलं. संताला तगर दिल्याबद्दल ते तुला पुढच्या खेपेला सामोसे खाऊ घालणार आहेत. त्यांचं म्हणणं, रेल्वेच्या वेळापत्रकालाही एक फूल द्यावं आणि ते गुलबक्षीचं असावं. चारला उमलते म्हणून सगळे सांगतात आणि पाचपर्यंत ताटकळत ठेवते. मी पाककृतींच्या पुस्तकाला शेवग्याचं फूल दिलं, कारण वाचता वाचता ते अंड्यात घालावंसं वाटतं.

आता कामाचं. एका माणसाचं अक्षर वाईट आहे हे तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस. बेनेडिक्टचं अक्षर कसं आहे ते एकदाही लिहिलं नाहीस. मी काही म्हणत नाही. मी फक्त मोजलं.

पण एक ऐक, बेबी. थट्टा बाजूला. कोणी काही विचारलं नाही आणि आपणही काही बोललो नाही, अशाने इस्टर येतो आणि माणूस घर चांगलं आहे म्हणून हो म्हणून बसतो. तसं करू नकोस. मास्तरांच्या मनात काय आहे ते त्यांना सांगू दे, तुझ्या मनात काय आहे ते तू बघ. बाबांना मी सांभाळते.

आईला नमस्कार. या खेपेला टोपलीत प्रवासवर्णन आणि भुतांच्या गोष्टी आहेत. रंभामावशीला भुतांचं नाव सांगू नकोस, ती टोपली स्टेशनवरच सोडून येईल.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त या वेळी जरा जास्त.
जुलियाना


येशू, मरिया, योसेफ
गिरीज, १६ मार्च १९५२

ती. जुलियाना बायस,
रेजिनाचा सा. न. वि. वि.

तुझा तो मास्तर वेडा आहे. हो, तुझाच, कारण माझा आता तो कोणी नाही.

आठवड्यापूर्वीच्या शनिवारी मी देवळात गायनाच्या तालमीला गेले होते. मागे तो घरी आला, आईच्या हातात केळफूल दिलं, रेजिनाबाईंना द्या, त्या रहस्यकथेसंबंधी आहे, इतकंच म्हणाला आणि पाण्याला न थांबता सायकलवर बसून निघून गेला. तीन आठवडे विचार करून केळफूल. गिरीजला. ज्या घरामागे दोनशे केळी उभ्या आहेत त्या घरी. मी आले तोवर आईने ते सोलून, चिरून, ताकाच्या पाण्यात टाकून, उपासाचे दिवस म्हणून मटणाऐवजी जवळा घालून त्याची भाजीसुद्धा केली होती. मी दोनदा वाढून घेतली. फूल म्हणून काही नाजूक देईल असं मला वाटत होतं, हे तुला सांगायला हरकत नाही. जेवून उठल्यावर मला उगाच रडू आलं आणि मी ते कांद्यावर ढकललं.

काल तो आला. मी तयारच होते. भुतांच्या गोष्टींत चिठ्ठी घालून पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं: "केळफूल मिळालं. आईने जवळा घालून भाजी केली. चव बरी होती, जरा तुरट. आमच्या वाडीत केळी पुष्कळ आहेत, तेव्हा पुन्हा तसदी घेऊ नये." त्याने वाचलं, अगदी पांढरा पडला, मला नमस्कार केला आणि निघून गेला. पुस्तक, टोपी आणि सायकलचा पंप, तिन्ही टेबलावर विसरला.

भाजीवरून एवढं रागवायचं? तू म्हणालीस त्याच्या मनात काय आहे ते त्याला सांगू दे. त्याच्या मनात केळी आहेत. इस्टरला चार आठवडे राहिले. बाबांना मी बेनेडिक्टसाठी हो म्हणून टाकणार आहे.

लोभ असू दे. मला त्याची सध्या फार गरज आहे.
रेजिना


गास, १९ मार्च १९५२
संत योसेफाचा सण

सौ. जुलियानाबाई यांस,
प्लासिड याचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आपला पत्ता वाचनालयाला आपण दिलेल्या पुस्तकांवरून घेतला, याबद्दल क्षमा असावी. आपल्याखेरीज कोणाला विचारावे हे सुचत नाही.

रहस्यकथेचे फूल कोणते, असा प्रश्न आपल्या भगिनींनी मला विचारला होता. मी पुष्कळ विचार केला. आमच्या वाडीत उभा असताना उत्तर सापडले. केळफूल बाहेरून एक दिसते. पाकळीखाली पाकळी सोडवत जावे तेव्हा आतले हाती लागते. म्हणून चौथ्या पाकळीखाली मी एक चिठ्ठी गुंडाळून ठेवली आणि पाकळ्या पुन्हा मिटवल्या. त्या चिठ्ठीत मी त्यांना लग्नाबद्दल विचारले होते. तोंडाने विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, हे कबूल करतो.

त्यांचे लेखी उत्तर मिळाले. त्यात भाजी केल्याचे, ती तुरट लागल्याचे आणि पुन्हा तसदी न घेण्याविषयी लिहिले आहे. नकार मला समजला आणि मी तो मान्य करतो. परंतु जवळ्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. चार दिवस मी त्यावर विचार करत आहे. डहाणूकडच्या एका शाळेत जागा रिकामी आहे, अर्ज या महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. तो देण्यापूर्वी जवळ्यात काही आशा आहे काय, एवढेच आपण कळवावे.

माझे अक्षर वाईट आहे, तरी भावना ओळखून घ्यावी.
आपला नम्र
प्लासिड


माझगाव, २१ मार्च १९५२

चि. रेजिना,
आशीर्वाद वगैरे नंतर.

मास्तरांचं पत्र सोबत जोडलं आहे. बसून वाच. मी उभ्याने वाचलं आणि खाली बसून इतकी हसले की फ्रेडरिक पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. मग त्यांनी वाचलं, आणि तांब्या मला त्यांना द्यावा लागला.

बेबी, तू लग्नाची मागणी दोनदा वाढून घेऊन खाल्लीस आणि वर मीठ-मसाल्याचा अभिप्राय कळवलास. आता रडू नकोस. आईला विचार की सोलताना काही सापडलं का. बाबांना अजून काही बोलली नसशील तर तोंड मिटून ठेव. मास्तरांना मी दोन ओळी टाकल्या आहेत, की जवळा निरपराध आहे, अर्ज थांबवावा. बाकीचं तुझं तू बघ. मला त्यांचं अक्षर फार आवडलं.

तुझी
बाय


येशू, मरिया, योसेफ
गिरीज, २५ मार्च १९५२

ती. जुलियाना बायस,
तुझ्या मूर्ख बहिणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी हाती आलं. मी वाचलं आणि थेट मागच्या दारी धावले. आई गवारीला पाणी घालत होती. केळफुलात कागद होता का म्हणून विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की होता की, ठेवलाय.

ती घरात गेली आणि तिचं मिस्सेचं प्रार्थनापुस्तक घेऊन आली. लग्नात सिस्टरांनी दिलेलं, तेच. तीस वर्षं ती ते दर रविवारी हातात धरते आणि त्यातली संतांची चित्रं बघते, कारण अक्षर तिला येत नाही. त्यात चिठ्ठी होती, कडेला केळीचा डाग पडलेली. मी विचारलं, मला का नाही दिलीस? तर म्हणाली की तुझे कागद नेहमी पुस्तकातच असतात, तिथूनच तू ते काढून घेतेस, म्हणून पुस्तकात ठेवला. आणि माझं पुस्तक तर हे एकच आहे.



चिठ्ठी मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. "रहस्यकथेला केळफूल. आतली गोष्ट अशी, की यापुढे माझ्या घरातल्या सगळ्या पुस्तकांची फुलं तुम्ही ठरवावीत अशी माझी इच्छा आहे. इस्टरपूर्वी कळवावं." आई म्हणाली की तो पाण्यालाही न थांबता पळाला, त्यावरूनच तिला वाटलं होतं की कागदात काहीतरी चांगलं असणार, म्हणून तिने तो मरियेच्या चित्राशेजारी ठेवला. भाजी मात्र करायलाच हवी होती, नाहीतर काळी पडली असती.

रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही दोघी गासला चालत गेलो. मी आमच्या वाडीतलं केळफूल नेलं होतं, चौथ्या पाकळीखाली उत्तर घालून. त्याची आई उर्सुलाबाई फार मायाळू आहे. तिने ते माझ्या हातातून घेतलं, कौतुक केलं आणि विळीकडे निघाली. मी आणि आई दोघी एकदमच तिच्यामागे धावलो. प्लासिडने अंगणात उभं राहून ते सोललं. आत लिहिलं होतं: "हो. पण कण्हेरही अगदीच चुकीची नव्हती." त्याने वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की नव्हती. मग तो सायकलचा पंप मागायला लागला.

बाबा बेनेडिक्टच्या घरी नकाराचं पत्र लिहायला बसलेत. दोन ओळी लिहितात आणि शीळ घालतात. त्या केळफुलाची भाजी रविवारीच संध्याकाळी उर्सुलाबाईंनी केली, जवळा घालून, आणि या वेळी ती मुळीच तुरट नव्हती.

आता एकच पुस्तक उरलं, ज्याला आपण कधी फूल दिलं नाही. मी आईला विचारलं की तुझ्या प्रार्थनापुस्तकाला कोणतं देऊ. ती म्हणाली की आत काय आहे हे कळल्याशिवाय कसं सांगू? मग काल दुपारी भांडी आटोपून ती माझी पाटी घेऊन पुढ्यात येऊन बसली. म्हणाली की पुढच्या वेळी कागद सापडला तर चिरायच्या आधी कळायला हवं.

लोभ आता दोघांवर असावा. पुस्तकं मात्र एकाचीच मोजून पाठव, भांडायला मजा येते.
तुझी
रेजिना

ता. क. खाली जे वाकडं अक्षर आहे ते प्लासिडचं नव्हे. ते आईचं आहे. अख्खी दुपार गिरवून तिने काढलं, आणि पहिलं कोणाला पाठवायचं ते तिनेच ठरवलं.

जु